अडीच तासांचे व्याही

व्याह्यांचं नाव निघालं की कंट्रोलरांच्या पोटात दुखायचं. हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं आणि घरात सांगण्यासारखंही नव्हतं. घरात होतं तरी कोण? एक थोरली बहीण, आक्का. तिला न सांगता सगळं कळायचं, आणि कळलं की ती तोंडावर बोलून मोकळी व्हायची. बायको असती तर तिनं निदान कळूनही न कळल्यासारखं केलं असतं. पण ती लेकीच्या लग्नाआधीच गेली होती.

कंट्रोलर म्हणजे बस डेपोतले. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नव्हतं. डेपोच्या फाटकाशी काचेच्या खिडकीची एक खोली होती, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर जायचं, एवढीच. त्या खोलीत त्यांचा उभा जन्म गेला. गाडी सुटली की वेळ लिहायची, परत आली की वेळ लिहायची, एकातून दुसरी वजा करायची आणि येईल तो आकडा ड्रायव्हरच्या तोंडावर मारायचा. ड्रायव्हर शपथा घ्यायचे, टायरला दोष द्यायचे, वाटेत आडव्या झालेल्या ट्रकच्या कहाण्या सांगायचे. कंट्रोलर सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग वजाबाकीवर बोट ठेवायचे. माणूस खोटं बोलेल, वजाबाकी बोलणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

दुसरी समजूत घड्याळाची. गाडी कुठेही जावो, वेळ धरायची ती डेपोची. परगावच्या स्टँडवरचं घड्याळ पुढे असेल, मागे असेल, कबुतरांनी घाण करून बंद पाडलेलं असेल, ते त्या गावानं बघावं. सकाळी ड्रायव्हरनं मनगटावरचं घड्याळ खिडकीतल्या घड्याळाशी जुळवायचं आणि दिवसभर तेच खरं मानायचं. नव्या ड्रायव्हरनं चुकून परगावची वेळ सांगितली की कंट्रोलर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "ती तुझ्याजवळ ठेव. मला डेपोची वेळ सांग."

असल्या माणसाच्या एकुलत्या एक लेकीनं लग्न करून समुद्रापलीकडे संसार थाटला. जावई चांगला होता, त्याच्याबद्दल कंट्रोलरांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती जावयाच्या बापाबद्दल. व्याही त्याहूनही पलीकडच्या देशात राहायचे. तिथं त्यांची बेकरी होती. म्हणजे लेकीचं शहर मध्ये, अलीकडे कंट्रोलर आणि पलीकडे व्याही, अशी ती मांडणी. आता दोन्हीकडून विमानं जातात म्हटल्यावर वेळापत्रक बघितल्याशिवाय कंट्रोलरांना चैन पडणार होती थोडीच! नातीचा जन्म झाला त्याच आठवड्यात त्यांनी फोनवर दोन्ही मार्ग उघडले आणि वजाबाकी केली. आपल्या विमानतळावरून सकाळी आठला सुटणारं विमान लेकीच्या गावी संध्याकाळी सहाला पोचतं. दहा तास. व्याह्यांच्या गावाहून सकाळी नऊला सुटणारं साडेअकराला पोचतं. अडीच तास.

"अडीच तास!" ते आक्काला म्हणाले. "अडीच तासांत तर आपली गाडी टेकडीसुद्धा ओलांडत नाही."

"मग?" आक्का म्हणाली.

"मग काय? नाश्ता करून निघायचं आणि जेवायला नातीच्या शेजारी बसायचं. मजा आहे लोकांची."

परतीचं विमानही त्यांनी बघितलं होतं. ते तिकडून सकाळी आठला सुटायचं आणि इथं दहाला उतरायचं. जाताना दहा तास, येताना दोन! दुसरा कुणी असता तर इथं थबकला असता. पण कंट्रोलरांना घाटातल्या गाड्यांचा दांडगा अनुभव. चढावर इंजिन तापवत कण्हत जाणारी गाडी उतारावर निम्म्या वेळात घरी येते, हे त्यांनी रोज लिहिलं होतं. आकाशातही असंच काहीतरी असणार, वाऱ्याचं म्हणा, पृथ्वीच्या फिरण्याचं म्हणा. त्यांना राग आला तो एवढ्याचाच की नातीकडे जाताना चढ लागायचा तोही आपल्याच वाट्याला. व्याह्यांचं परतीचं विमान मात्र त्यांनी कधी बघितलं नाही. व्याही परत जायला निघाले की त्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटत असताना वजाबाकी करावीशी कुणाला वाटते?

तिकडचं घड्याळ वेगळं चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. इथं चहाची वेळ व्हायची तेव्हा फोनमध्ये नात जांभया देत असायची. पण ते झालं त्यांच्या घरातलं घड्याळ. विमान कंपनी म्हणजे आपल्यासारखंच एखादं खातं. तिथंही कुणीतरी खिडकीत बसलेला असणार आणि तो डेपोचीच वेळ धरणार, यात त्यांना तिळमात्र शंका आली नाही.

तर व्याही वर्षातून तीनदा-चारदा जायचे. नातीचा पहिला दात व्याह्यांनी बघितला. नात पहिलं पाऊल टाकून पडली ती व्याह्यांच्या मांडीवर. शाळेच्या पहिल्या दिवशी तिनं जे बोट धरलं होतं तेही व्याह्यांचंच. हे सगळं फोनवर फोटोंतून यायचं. एका फोटोत नात स्टुलावर उभी राहून कणकेच्या गोळ्याला बुक्क्या मारत होती, नाकाला पीठ लागलेलं, आणि मागे व्याही दोन्ही हात वर करून हसत होते. कंट्रोलरांनी तो फोटो मोठा करून बघितला. नातीचं नाक बघितलं, मग व्याह्यांचे दात बघितले.

"एवढं हसायला काय झालंय त्या माणसाला?" ते म्हणाले.

"त्याची नात आहे, म्हणून हसतोय," आक्का म्हणाली. "तुझीही आहे. तू जा आणि हस."

"दहा तास बसून जायचं? या कमरेनं?"

"डेपोत तीस वर्षं काय उभा होतास?"

आक्काशी बोलण्यात अर्थ नव्हता. कंट्रोलर फणकाऱ्यानं बाहेर जाऊन झाडांना पाणी घालायला लागले. ते आधीच एकदा घातलं होतं.

सगळ्यात खोल लागलं ते नातीच्या तोंडचं. चार वर्षांची झाली तेव्हा तिला दोन आजोबांचा घोळ व्हायला लागला. तो तिनं आपल्या परीनं सोडवला. एकदा फोन वाजला तशी ती धावत आली, पडद्यावर तोंड बघितलं आणि मागे वळून ओरडली, "आई, लांबचे आजोबा आहेत!" बेकरीवाले झाले जवळचे आजोबा. लेक हसली. कंट्रोलरही हसले, हसावंच लागलं. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते आक्कानं बघितलं.

"कुणी शिकवलं तिला हे?" ते म्हणाले. "त्यांनीच शिकवलं असणार. गोड बोलून."

"तूच शिकवलंस," आक्का म्हणाली. "प्रत्येक फोनला तुझं एकच पालुपद. आम्ही बाबा लांबचे, आम्हाला कोण विचारतो. पोर ऐकते ते बोलते."

हे खरं होतं, म्हणून कंट्रोलरांनी दोन दिवस आक्काशी अबोला धरला.

आणि मग लेकीचा तो फोन आला. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, सातवा लागला होता, आणि डॉक्टरांनी आता बाळ होईपर्यंत आडवं पडून राहायला सांगितलं होतं. जावयाची पाळ्यांची नोकरी. नातीला शाळेत सोडायचं, आणायचं, भरवायचं, रात्री गोष्ट सांगून झोपवायचं, हे करायला घरचं माणूस हवं होतं.

"बाबा, तुम्ही येता का?" लेक म्हणाली.

चार वर्षं कंट्रोलर ज्या वाक्याची वाट बघत होते ते हेच. ते ऐकल्यावर त्यांनी काय म्हणावं? दुसरा कुणी हो म्हणून बॅग काढायला धावला असता. पण लेकीनं मागून घाईघाईनं आणखी एक वाक्य जोडलं. "म्हणजे, जमत असेल तर हं. नाहीतर सासरे येतो म्हणतायत."

झालं! नाकाला मिरच्या झोंबल्या.

"येतो म्हणतायत ना? मग मला कशाला विचारतेस?" कंट्रोलर म्हणाले. "त्यांना काय, त्यांना हाकेच्या अंतरावर आहे. जवळच्यांना बोलव. लांबच्यांचं काय खरं असतं?"

"बरं," ती म्हणाली. "कमरेला जपा."

एवढंच. कंट्रोलरांना वाटलं होतं ती म्हणेल, नाही बाबा, तुम्हीच या. दोन दिवस त्यांनी फोन उशाशी ठेवला, न्हाणीघरात जाताना आक्काच्या हातात देऊन गेले. तिसऱ्या दिवशी फोटो आला: व्याही नातीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावून शाळेच्या फाटकाशी उभे. नातीनं त्यांची टोपी घातली होती. कंट्रोलरांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपली जागा होती ती! आपल्याला विचारलं होतं, आपल्याला आधी विचारलं होतं, आणि आपण ती उचलून त्या माणसाच्या हातात दिली. हेही त्यांना कळत होतं, आणि कळत होतं म्हणून राग आणखी व्याह्यांवरच निघत होता.

आक्कानं चार दिवस हे तोंड बघितलं. पाचव्या दिवशी तिनं चप्पल पायात घातली.

"पोर अंथरुणाला खिळली आहे. तू नाही जात तर मी जाते. चल, माझं तिकीट काढून दे."

"तू? तुझे गुडघे?"

"माझे गुडघे मी बघेन. तू चल."

तिकिटांचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. पुढे काउंटर, मागे पुठ्ठ्याचं एक मोठं विमान, आणि काउंटरवर केसांत पेन खोचलेली एक मुलगी. आक्का बाकावर बसली. कंट्रोलरांनी विमानतळांची नावं सांगितली आणि खात्यातल्या माणसानं खात्यातल्या माणसाशी बोलावं तशा सुरात म्हणाले, "आठला सुटणारं बघा. पण कडेची सीट द्या. हिला दहा तास बसायचंय, मधून पाय मोकळे करावे लागतील."

"दहा नाही आजोबा, सहा," मुलगी कीबोर्डवरून नजर न काढता म्हणाली.

कंट्रोलर हसले. पोरसवदा आहे, चुकली असेल. "आठला सुटतं, सहाला पोचतं. बघा, तुमच्याच पडद्यावर आहे. आठातून सहा... म्हणजे अठरातून आठ गेले, दहा."

"हो, पण ते सहा तिकडचे."

"तिकडचे म्हणजे?"

"तिकडच्या घड्याळात सहा. तेव्हा आपल्याकडे दोनच वाजलेले असतात. तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची."

एका ओळीत दोन घड्याळं! डेपोत असलं कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला खिडकीबाहेर उभं केलं असतं.

"मग येताना दोन तास लागतात ते?"

"येतानाही सहाच."

"उतार नाही?"

मुलीनं पहिल्यांदाच मान वर केली. "आकाशात कसला उतार, आजोबा?"

मागे आक्काला ठसका लागला. कंट्रोलरांनी तिकडे बघितलंही नाही. त्यांच्या डोक्यात आता दुसरंच सुरू झालं होतं. त्यांनी व्याह्यांच्या गावाचं नाव सांगितलं. "तिथून तेवढं बघा. नऊला सुटतं, साडेअकराला पोचतं."

मुलीनं बोटं चालवली. "हे उलट्या बाजूनं येतं, म्हणून घड्याळ मागे जातं. साडेसहा तास. अंतर पाच हजार शंभर किलोमीटर. तुमचं चार हजार सातशे. तुम्हाला जवळ आहे."

खरं सांगायचं तर कंट्रोलरांना आधी आनंदच झाला. चारशे किलोमीटर! अर्धा तास! व्याह्यांना आपण चांगलं अर्ध्या तासानं मागे टाकलं, आता फोटो येऊ दे, आता नातीलाच सांगतो जवळचे आजोबा कोण ते. हे सगळं त्यांच्या मनात एका दमात येऊन गेलं. मग ते बाकावर आक्काच्या शेजारी बसले.

तो माणूस साडेसहा तास बसून यायचा. वर्षातून तीनदा, चारदा. भट्टी विझवून, दुकानाला कुलूप लावून, गिऱ्हाइकांची तोंडं चुकवून यायचा, कारण त्याच्या हाताखाली कुणी नव्हतं हे लेकीनंच कितीदा सांगितलं होतं. तेव्हा कंट्रोलरांनी ते कानाआड केलं होतं. अडीच तासांच्या माणसाचं कसलं कौतुक करायचं! आता ते अडीच तास गेले आणि त्यांच्याबरोबर तोंड वाकडं करायची सोयही गेली. उरला एक आजोबा जो जात होता, आणि एक जो जात नव्हता.

"फोन लाव तिला," आक्का म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

कंट्रोलर दुकानाच्या पायरीवर आले. रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजत होते, शेजारचा किल्ल्या करणारा कानस घासत होता, म्हणून त्यांनी एका कानात बोट घातलं. लेकीनं लगेच उचलला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही झालं. व्याह्यांना यायला किती वेळ लागतो गं?"

"साडेसहा तास. का हो?"

"आणि मला?"

"सहा."

"तुला माहीत होतं?"

"हे काय विचारणं झालं, बाबा? सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग मी चार वर्षं दहा तास, दहा तास म्हणत होतो, तेव्हा एकदा तरी चूक काढायचीस."



"मला वाटलं तुम्ही मुद्दाम म्हणताय," लेक म्हणाली. "उभा जन्म वेळा लिहिण्यात गेला तुमचा. तुमची वजाबाकी चुकेल असं मला कसं वाटेल? मला वाटलं, बाबांना यायचं नाहीये. आईच्या आठवणींचं ते घर सोडून इथं करमणार नाही, म्हणून तसं सांगतायत. मग तुम्हाला खोटं कशाला पाडायचं? नातेवाइकांतही मी दहाच सांगते."

कंट्रोलरांनी कानातलं बोट काढलं. लेकीनं चार वर्षं आपली अब्रू राखली होती. बाप टाळतोय असं समजून, आणि तरीही. सातव्या महिन्यात आडवं पडायची वेळ आली तेव्हाही तिनं आधी आपल्यालाच विचारलं होतं. मागून सासऱ्यांचं नाव जोडलं ते आपल्याला नाही म्हणणं सोपं जावं म्हणून. त्यात आपण अपमान शोधला.

"मला यायचं होतं गं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून यायचं होतं. मला खरंच वाटायचं दहा आहेत."

"मग दहा असते तर काय झालं असतं, बाबा?" लेक म्हणाली.

फोनमधून मागे कुठंतरी नात खिदळत होती आणि एक जाड आवाज कसल्याशा गोष्टीतल्या अस्वलासारखा गुरगुरत होता. ते अस्वल आपण असायला हवं होतं. मत्सर काही कमी झाला नव्हता. उलट आता त्याला कसलाच आडपडदा राहिला नव्हता, म्हणून तो जास्तच झोंबत होता.

"मी येतो," ते म्हणाले. "उद्या आठचं विमान मिळालं तर तेच घेतो."

"अहो पण सासरे आहेत इथं. ते बाळ होईपर्यंत राहणार आहेत, आणि पाहुण्यांची खोली एकच आहे."

"असू दे. मी त्यांच्या खोलीत झोपेन."

"खाट एकच आहे."

"खाली झोपेन."

"तुमची कंबर?"

"कंबर काही म्हणत नाही."

लेक आता हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही. "बाबा, एक आधीच सांगून ठेवते," ती म्हणाली. "ते फार घोरतात. भिंत हलते."

"घोरू देत," कंट्रोलर म्हणाले, आणि दुकानाचं दार ढकलून आत गेले.